कोरसमधल्या बायांची नावे



वऱ्हाडातली बाई एकटी क्वचितच गाते. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत पोरी घोळक्याने घरोघर जाऊन गातात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. हळदीच्या दिवशी आत्या, मावश्या, शेजारणी मिळून गातात. १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून बाया भीमगीते म्हणत निघतात. खंजिरीचे भजन तर आपल्या अमरावती जिल्ह्याचेच. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून अकोल्यापलीकडच्या खेड्यांपर्यंत बायांची भजनी मंडळे आहेत. एक जण ओळ सांगते, बाकीच्या उचलतात. यातली गायिका कोण, असे विचारले तर बाया एकमेकींकडे बघून हसतात.

अलीकडे या गाण्याला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. कुणाला स्वच्छतेच्या मोहिमेसाठी गाणे हवे असते, कुणाला निवडणुकीसाठी, कुणाला आपल्या यूट्यूब वाहिनीसाठी 'अस्सल वऱ्हाडी' काहीतरी हवे असते. माणूस मोबाईल किंवा माइक घेऊन येतो, बाया गातात, तो घेऊन जातो. खाली लिहिलेले असते 'महिला मंडळ' आणि गावाचे नाव. कधी तेही नसते, नुसते 'पारंपरिक' असते. मोबदला म्हणजे चहा-पोहे, फार तर एकेक साडी. आमच्या संपर्कातल्या एका मंडळाच्या अकरा बायांनी अशाच एका मोहिमेसाठी गाणे म्हटले. ते गाणे पुढे दोन वर्षे गाडीच्या भोंग्यावरून गावोगाव वाजत होते. त्यातल्या एकीने बाजारात ते ऐकले आणि शेजारच्या दुकानदाराला सांगितले की हा माझा आवाज आहे. दुकानदाराचा विश्वास बसला नाही. दाखवायला तिच्याजवळ काही नव्हते.

या बायांबरोबर बसून आम्ही नावाचा विषय काढला तेव्हा पहिले उत्तर आले ते असे: "आमचं नाव कायले लिहिता बाई? मंडळाचं लिहा, आमचं त्यातच आलं." हे उत्तर आपल्यापैकी अनेकींना आवडेल. त्यात सामूहिकतेचा मोठेपणा आहे. पण जरा वेळ गेल्यावर दुसरी एक जण म्हणाली, "मंडळाचं नाव तं अध्यक्षबाईच्या नवऱ्यानं ठेवलं." आणि मग बराच वेळ चर्चा चालली.

बायांनी मिळून गायचे, आणि त्या मिळून गाण्यातच प्रत्येकीचे नाव विरघळून जायचे, हे फक्त आपल्या खेड्यात घडते असे नाही. संगीताचा जगातला सर्वांत श्रीमंत धंदा ज्या देशात आहे, तिथेही हेच घडले, आणि तिथे त्याची नोंद राहिली, कोर्टकज्जे झाले. म्हणून या अंकात एका परदेशी तबकडीची गोष्ट सांगायची आहे. तबकडी आहे 'नाइटबर्ड्स', साल १९७४, गाणाऱ्या तिघी: पट्टी लाबेल, नोना हेंड्रिक्स आणि सारा डॅश. तिघीही कृष्णवर्णीय. गटाचे नाव 'लाबेल'. संगीत सोल आणि डिस्को यांच्या उंबरठ्यावरचे. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या सामूहिक भजनातून वर आलेले गाणे. तिथेही एक जण ओळ सांगते आणि बाकीच्या उचलतात. हे ऐकले की खंजिरीवाल्या बायांना फार काही समजावून सांगावे लागत नाही.

डिस्को म्हटल्यावर आपल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे डिस्को आला तो १९८० च्या 'कुर्बानी' चित्रपटातून. त्यातले गाजलेले गाणे गाणारी नाझिया हसन तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती, आणि ते संगीत बंगळूरला जन्मलेल्या बिद्दूने दिले होते. १९८१ मध्ये तिची 'डिस्को दीवाने' आली, १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' चित्रपट आला आणि मग वरातीच्या बँडपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे तेच सुरू झाले. पुरोगामी वर्तुळात त्याला अपसंस्कृती म्हटले गेले. चंगळवाद, शहरी श्रीमंत पोरांचे चाळे, असे बरेच काही. आपल्याकडे तो ज्या रूपात पोचला त्याबद्दल ही टीका निम्मी खरीही होती. पण डिस्को जन्माला आला तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नव्हे. सत्तरीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये काळे लोक, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतले लोक आणि समलिंगी लोक ज्या मोजक्या ठिकाणी निर्धास्तपणे एकत्र नाचू शकत, तिथे तो घडला. तिथे वाजणाऱ्या तबकड्यांमध्ये काळ्या स्त्रियांच्या आवाजाचा वाटा फार मोठा होता. पुढे १९७९ च्या जुलैमध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर हजारोंच्या जमावासमोर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. तो राग केवळ संगीताबद्दलचा होता, असे मानणे कठीण आहे. असो.

या गटाची सुरुवात फिलाडेल्फियात १९६१-६२ च्या सुमारास झाली. तेव्हा चौघी होत्या. चौथी सिंडी बर्डसाँग. नाव होते ब्लूबेल्स. गाडीविक्रीचा धंदा करणाऱ्या एका इसमाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. पट्टीला पाहून तो आधी नाराज झाला: रंग फार काळा, रूप साधे. ती गायला लागल्यावर त्याचे मत बदलले. ('मुलीचा रंग' ही भानगड फक्त आपल्या वधूवर सूचक मंडळांची नाही, हे लक्षात घ्यावे.) 'लाबेल' हे आडनावही त्यानेच दिलेले. तिचे खरे आडनाव होल्ट.

१९६२ मध्ये या चौघींच्या नावावर पहिले गाजलेले गाणे आले. आणि ते गाणे त्यांनी गायलेले नव्हतेच. शिकागोच्या 'स्टारलेट्स' नावाच्या दुसऱ्याच मुलींच्या गटाने ते त्या कंपनीसाठी गायले होते. स्टारलेट्सचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने मालकाने त्यांचा आवाज ब्लूबेल्सच्या नावाने बाजारात आणला. ज्यांचा आवाज होता त्या मुली शिकागोत बसून रेडिओवर स्वतःला ऐकत होत्या, दुसऱ्याच नावाने. आणि ज्यांचे नाव होते त्या मुली दौऱ्यावर, टीव्हीवर ते गाणे सादर करत होत्या. स्टारलेट्सना न्यायासाठी कोर्टात जावे लागले. बाजारातल्या भोंग्याखाली उभी असलेली आपली बाई आणि या मुली यांत फरक एवढाच की त्यांना वकील मिळाला.

यात ब्लूबेल्सचा दोष काढता येईल का? विशीच्या आतबाहेरच्या मुली, हातात आलेली पहिली संधी. मालकाने दोन्ही गटांना सारखेच वापरले. पण एका गटाचे नाव झाले आणि दुसरा विस्मरणात गेला, हेही तितकेच खरे. बायांच्या दोन गटांत असे अंतर पाडून मधला मलिदा खाणे ही युक्ती आपल्या बचत गटांच्या मैत्रिणींना चांगलीच परिचयाची असेल.

पुढची काही वर्षे हा गट 'पट्टी लाबेल अँड द ब्लूबेल्स' या नावाने गात राहिला. म्हणजे एकीचे नाव आणि बाकीच्या 'व साथीदार'. एकसारखे झगे, एकसारखे केसांचे टोप. १९६७ मध्ये सिंडी बर्डसाँग गट सोडून 'सुप्रीम्स' या त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध स्त्री-गटात गेली. तिथे ती कुणाच्या जागी गेली, हे पाहण्यासारखे आहे. सुप्रीम्समध्ये मुळात फ्लॉरेन्स बॅलार्ड ही आघाडीची गायिका होती. कंपनीने हळूहळू डायना रॉसला पुढे केले, १९६७ मध्ये गटाचे नावच 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' केले आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सला काढले. तिच्याशी झालेल्या समझोत्यात, आपण सुप्रीम्समध्ये होतो याचा उल्लेख तिने आपल्या जाहिरातीत करू नये, अशी अट होती. ज्या गटाच्या उभारणीत तिचा हात होता त्याचे नाव घ्यायलाच बंदी! १९७६ मध्ये ती वारली तेव्हा ती ३२ वर्षांची होती, आणि मधल्या काळात तिच्यावर सरकारी मदतीवर जगायची पाळी आली होती.

याच कंपनीत 'अँडॅन्टेस' नावाच्या तिघीजणी होत्या. शेकडो गाण्यांमागचा कोरस त्यांचा. त्यांची नावे तबकड्यांवर नसत. सुप्रीम्सच्या नावाने निघालेल्या काही गाण्यांत तर डायना रॉसमागचे आवाज सुप्रीम्सचे नसून यांचे होते. आपल्याकडे हिंदी-मराठी चित्रपटांच्या तबकड्यांवर 'आणि कोरस' किंवा 'व साथी' एवढे दोन शब्द छापून जे काम भागवले जाई, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती.

'नाइटबर्ड्स'चे महत्त्व या पार्श्वभूमीवर आहे. सिंडी गेल्यावर उरलेल्या तिघींची धुरा १९७० च्या सुमारास व्हिकी विकहॅम या ब्रिटिश बाईने घेतली. ती टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमाची निर्माती होती. 'अँड द ब्लूबेल्स' हे शेपूट काढून टाकले गेले. एकसारखे झगे गेले. तिघींनी तीन वेगळे पोशाख घ्यायचे ठरवले. चंदेरी, पिसांचे, अवकाशयात्रींसारखे, बघणाऱ्याचे डोळे दिपतील असे. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. त्या रंगमंचावर पॉप गाणाऱ्या काळ्या गटाने उभे राहण्याची ती पहिली वेळ. प्रेक्षकांनाही अंगावर काहीतरी चंदेरी घालून यायला सांगितले होते.

पोशाखापेक्षा मोठी गोष्ट गीतांची. त्या तबकडीवरची निम्मी गाणी नोना हेंड्रिक्सने लिहिलेली आहेत. स्त्रियांच्या गायनगटात गीत लिहिणारे, चाल लावणारे, निर्माते, मालक सगळे पुरुष आणि बाया फक्त आवाज व अंग हलवायला, ही त्या धंद्यातली ठरलेली श्रमविभागणी. ती इथे थोडीशी मोडली. पूर्ण मोडली नाही. निर्मितीत व्हिकीबरोबर न्यू ऑर्लिन्सचा नामवंत संगीतकार ॲलन तूसाँ होता आणि ज्या गाण्याने तबकडी गाजली ते 'लेडी मार्मलेड' बॉब क्रू आणि केनी नोलन या दोघा पुरुषांनी लिहिलेले होते. १९७५ च्या मार्चमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

'लेडी मार्मलेड'बद्दल आपल्यात मतभेद होतील, व्हावेत. गाणे न्यू ऑर्लिन्सच्या एका वेश्येवर आहे. तिच्याकडे आलेल्या पुरुषाची अवस्था त्यात आहे. त्यातल्या फ्रेंच ओळीचा अर्थ गाताना आपल्याला माहीत नव्हता, असे पट्टीने पुढे सांगितले. यात वेश्याव्यवसायाचे उदात्तीकरण आहे का? थोडेफार आहे, असे माझे मत. पुरुषांनी लिहिलेल्या अशा गाण्यात बाईच्या कष्टाचा, आजाराचा, पोलिसांच्या हप्त्याचा मागमूस नसतो, इथेही नाही. तरीही तिघींच्या आवाजात ते ऐकताना एक गोष्ट जाणवते, की गाणाऱ्या त्या बाईची कीव करत नाहीत आणि तिला नावेही ठेवत नाहीत. आपल्याकडच्या संगीत बारीच्या कलावतींशी बोलताना हाच अनुभव येतो. लिहिणारा शाहीर पुरुष असतो, शब्द त्याचे असतात, पण कोणत्या शब्दावर थांबायचे आणि कुठे नजर रोखायची हे तीच ठरवते.

आता या गोष्टीतली बोचणारी बाजू. गटाचे नाव 'लाबेल' ठेवले गेले ते एकीच्या आडनावावरून. व्यावसायिक शहाणपण म्हणून ते बरोबर असेल. पण १९७६ अखेर गट फुटल्यावर पट्टीला तिच्या नावाची पुण्याई मिळाली आणि बाकीच्या दोघींना स्वतःची ओळख पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. नोनाने पुढे स्वतंत्र वाट काढली, साराही गात राहिली. २००८ मध्ये तिघी पुन्हा एकत्रही आल्या. २०२१ मध्ये सारा डॅश वारली, तेव्हाही ती कोण हे सांगताना आधी पट्टीचे नाव घ्यावे लागले. समूहाला एकीचे नाव देण्यात किती गोष्टी आपोआप ठरून जातात, हे आपल्या भजनी मंडळांनी आणि संघटनांनीही पाहावे. 'अमुकताईंचे मंडळ' या बोलीत बाकीच्या दहा जणी कुठे असतात?

डिस्कोच्या पुढच्या प्रवासात तर आवाज आणि शरीर यांचीही फारकत झाली. मार्था वॉश ही ताकदीची गायिका. 'वेदर गर्ल्स' या दोघींच्या जोडीतली एक. १९९० च्या सुमारास 'ब्लॅक बॉक्स' आणि 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी' या दोन गटांच्या जगभर गाजलेल्या गाण्यांत आवाज तिचा होता. चित्रफितीत मात्र सडपातळ, तरुण मुली ओठ हलवत होत्या. मार्था अंगाने भरलेली. तिचा आवाज विकाऊ होता, देह नव्हता, असा हिशेब. ती कोर्टात गेली, तडजोडी झाल्या, आणि त्यानंतर तबकडीवर व चित्रफितीवर खरी गायिका कोण हे लिहिण्याची शिस्त तिथल्या धंद्याला लागली. ज्या मुली ओठ हलवत होत्या त्यांच्यावर सगळा राग काढणारेही बरेच होते. त्यांनाही कुणीतरी निवडून, सजवून उभे केले होते, हे सोयीस्करपणे विसरून.

आपल्याकडे याच्या अगदी उलट एक सुरुवात झाली होती, ती फार कमी जणींना माहीत असते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले गेले तेव्हा गाणे संपताना ती स्वतःचे नाव उच्चारते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना लेबल कुणाचे लावायचे हे कळावे म्हणून ही सोय होती. कारण तांत्रिक, पण परिणाम काय झाला? सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या तवायफेचे नाव आजही तिच्याच तोंडून ऐकू येते.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेतले आणि आपल्या जास्त जवळचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदीत बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. जात्यावरची ओवी म्हणजे 'अनामिक लोकसाहित्य' असेच आपण शाळा-कॉलेजात शिकलो. पण या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आहे, गाव आहे, जात आहे, लेकरे किती हे आहे, ती काय काम करते हे आहे. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांच्या नावानिशी जगापुढे आहे. ओवी परंपरेची असेल; तिला त्या दिवशी त्या जात्यावर गळा दिला तो मात्र एका विशिष्ट बाईने, एवढेच हे लोक मानतात आणि तसे लिहून ठेवतात. 'पारंपरिक' लिहून मोकळे होण्यापेक्षा यात मेहनत जास्त आहे, पण ती अशक्य नाही हे एक लाख ओव्यांनी दाखवून दिले आहे.

यावर चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतील, की आपली गाणी तर आपण मुद्दाम बिननावाची ठेवली. 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आले तेव्हापासून पथनाट्यातली, मोर्चातली, शिबिरातली गाणी हातोहात फिरली. कुणीही घ्यावीत, शब्द बदलावेत, आपल्या बोलीत म्हणावीत. त्यात स्वामित्व नव्हते हेच बळ होते. हे आम्हालाही मान्य आहे. पण नाव सोडणे आणि नाव काढून घेतले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सोडायला आधी ते आपल्या हातात असावे लागते. शिबिरात गाणाऱ्या बाईने 'माझे नाव नको' म्हणणे हा तिचा निर्णय. मोहिमेच्या कंत्राटदाराने ते न लिहिणे हा त्याचा नफा. त्या गाण्यासाठी कुणाला तरी बिल मिळालेच असते. लिहिणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे, स्टुडिओवाल्याचे नाव त्या बिलात असते. गाणाऱ्या अकरा जणी 'चहापान' या सदरात जातात.

आणखी एक अडचण बायांनीच सांगितली, आणि ती आपण हलक्यात घेऊ नये. "घरच्याईले समजलं तं कटकट." मंदिरात, मांडवात गायले तर चालते, मोबाईलवर सगळ्या जगाने पाहिले की सासऱ्याची, दिराची, जातपंचायतीची भुवई वर जाते. खालच्या घाणेरड्या शेऱ्यांना उत्तर द्यायला कुणी नसते. म्हणजे बाईचे नाव लपवण्यात घेणाऱ्याचा फायदा आणि घरच्यांची इज्जत, दोन्ही एकाच वेळी साधतात. अशा वेळी नाव लिहाच असा आग्रह आम्ही धरणार नाही. पण नाव छापायचे नसले तरी कागदावर लिहून ठेवता येते, आणि पैसे तर नाव न छापताही देता येतात.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कला सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला. गाणे तुम्ही लिहिलेले नसले, चाल शंभर वर्षांची असली, तरी तुमच्या गाण्यावर, म्हणजे तुमच्या सादरीकरणावर, तुमचा हक्क आहे. तुमच्या संमतीशिवाय ते कुणी मुद्रित करून विकू शकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सादर करणारी म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क दिला, आणि व्यापारी वापर झाला तर मोबदल्याचाही. हे हस्तांतर लेखी लागते. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. खंजिरी वाजवणारी बाई या व्याख्येत बसते का? बसते. गायक, वादक, नर्तक सगळे त्यात आहेत.

पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक पाचर मारून ठेवली आहे. चित्रपटात ज्यांचे सादरीकरण किरकोळ स्वरूपाचे असते आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्यांचे नाव श्रेयनामावलीत कुठेच दिले जात नाही, त्यांना 'सादर करणारा' मानले जाणार नाही. आपली कला कुणी विद्रूप केली तर तक्रार करायची, तेवढ्यापुरतेच त्यांना मानायचे. म्हणजे नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव नाही. कोरसमधल्या बाईला किरकोळ कोण ठरवणार, हा प्रश्न वकील मैत्रिणींनी हाती घेण्यासारखा आहे. रिवाज हाच जर कायद्याचा आधार असेल तर आधी रिवाज बदलावा लागेल, आणि तो गावातल्या पहिल्या मुद्रणापासून बदलता येतो.

म्हणून गेल्या काही महिन्यांत ज्या मंडळांशी आमचे बोलणे झाले त्यांच्यासाठी आम्ही एक पानाचा मराठी मसुदा तयार केला आहे. त्यात गाण्याचे नाव, मुद्रणाची तारीख व जागा, कशासाठी वापरणार आणि किती काळ, पैसे किती आणि ते कुणाच्या खात्यात, एवढे असते. खाली गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे. एक प्रत मंडळाकडे. आपण गायलेल्या गाण्याची फाईल मंडळाला मिळालीच पाहिजे, ही अट बायांनी स्वतः घातली, आम्हाला सुचली नव्हती. नाव छापायचे की नाही हे प्रत्येकीसमोर वेगळे विचारायचे. पैशाच्या वाटपावर मात्र एकमत झाले नाही. ओळ सांगणारीला जास्त द्यावे की सगळ्यांना सारखे? दोन मंडळांनी सारखे ठरवले. तिसऱ्या मंडळात ओळ सांगणाऱ्या आजीबाईच म्हणाल्या की मला दुप्पट पाहिजे, मी चाळीस वर्षं गळा घासला. त्यांना दुप्पट मिळाले. खंजिरीवालीने मग आपलाही दर वाढवून मागितला, आणि त्यावर अजून बैठक व्हायची आहे.

आणखी एक प्रश्न या कामात निघाला, तो नुसता नावाचा. कागदावर लिहायचे ते कोणते? आधार कार्डावर नवऱ्याचे नाव मधे असते आणि पहिले नाव बहुतेकींचे लग्नात बदललेले. एका बाईने तिन्ही लिहा म्हटले: माहेरचे, सासरचे आणि मंडळात तिला ज्या नावाने हाक मारतात ते. कागदावर जागा कमी पडली तेव्हा पहिली दोन्ही खोडून तिने तिसरेच ठेवले. पुढच्या अंकापासून मागच्या पानावर अमरावती, अकोला जिल्ह्यांतल्या गाणाऱ्या मंडळांच्या याद्या छापायला घेत आहोत. पाठवताना सगळ्या जणींची नावे पाठवावीत, कोरसमध्ये शेवटच्या रांगेत बसणारीचेही, आणि ज्यांना छापायला नको असेल त्यांच्यापुढे तशी खूण करावी.